‘झरा बुडंल की गे’: खानापूर तालुक्यातल्या एका आंतरराष्ट्रीय श्रमशिबिराचं प्रकरण

एक फोटो मी आता प्रत्येक प्रशिक्षणात दाखवते. ओढ्याच्या पात्रात मातीनं भरलेल्या सिमेंटच्या पोत्यांची कमरेएवढी भिंत, तिच्यापुढं सात परदेशी मुलंमुली, कोपरापर्यंत चिखल, सगळे हसताहेत. दोन्ही कडांना आमचे दोन शिबिरप्रमुख. मधोमध काखेत घागर घेतलेली एक आजी. ती कॅमेऱ्याकडं बघत नाही. तिची नजर डावीकडं, भिंतीच्या वरच्या अंगाला, पात्रातल्या एका ओलसर खळग्याकडं आहे.

हा फोटो काढायच्या पाच मिनिटं आधी आजीनं सांगितलं होतं की बंधारा इथं नको. फोटोतल्या सात पाहुण्यांना ते कळलंच नव्हतं. ज्या दोघांना कळलं होतं, त्यांना मीच सहा दिवस शिकवून पाठवलं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की अशी शिबिरं घेणाऱ्या आणि त्यांसाठी तरुण प्रमुख तयार करणाऱ्या लोकांना ते उपयोगी पडावं. आमची चूक कुठं झाली हे शोधायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण आम्ही भलतीकडेच शोधत होतो.

गाव आणि काम

गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. नाव मुद्दाम देत नाही. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावाकडं म्हादई. पावसाळ्यात या पट्ट्यात छत्री मिटत नाही आणि एप्रिल उजाडला की ओढ्यात दगड दिसायला लागतात. पाणी डोंगरावरून धावत येतं आणि धावत निघून जातं. म्हणून पाऊस ओसरल्यावर, ओढ्याची धार बारीक झाली की वनराई बंधारा घालायचा. रिकामी पोती पाऊण भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं, विटांसारखी सांधे चुकवून रचायची, मधल्या फटींत चिकणमाती ठासायची. सिमेंट नाही, यंत्र नाही. पुढच्या पावसाळ्यात वाहून गेला तरी हरकत नाही, तोवर आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागलेला असतो आणि गुरांना पाणी मिळतं. हातांनी करायचं, दोन आठवड्यांत उरकणारं, भाषा येत नसली तरी जमणारं काम. आंतरराष्ट्रीय शिबिराला याहून चांगलं काम मिळणं कठीण.

जागा गावातल्या जाणत्या पुरुषांनी दाखवली होती. पंचायतीतले दोघं, एक निवृत्त गुरुजी आणि आमचा एक जुना कार्यकर्ता, अशी चौघांची फेरी झाली. पात्र अरुंद, तळाला कातळ, दोन्ही काठ भक्कम. तांत्रिकदृष्ट्या जागेत खोट नव्हती.

तारखा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या घेतल्या. 1 नोव्हेंबर आम्ही नेहमीच टाळतो. त्या दिवशी एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस. परदेशातून काल उतरलेल्या पोरांना त्यात उभं करणं बरोबर नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बंदोबस्त वाढतो, तेही टाळायचं. राहता राहिला तो पंधरवडा, आणि तो नेमका भाताच्या सुगीचा. पुरुष मळणीत अडकलेले. श्रमदानाला गावातून रोज सात-आठ माणसं येतील असं ठरलं होतं, आली दोन-तीन. याचा या प्रकरणाशी संबंध आहे, पुढं येईलच.

प्रमुख कसे निवडले

मुलगा बेळगावचा, टिळकवाडीतला, चोवीस वर्षांचा, इंजिनिअरिंग झालेला. इंग्रजी अस्खलित, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, स्वभावानं गोड. मुलगी नंदगडच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बावीस वर्षांची, समाजकार्याचं शिक्षण घेणारी. मराठी माध्यमात शिकलेली, कन्नड बाजारात आणि कॉलेजात पक्कं झालेलं. इंग्रजी वाचायची, पण बोलताना अडखळायची. आम्ही त्याला प्रमुख केलं आणि तिला सहप्रमुख. हा निर्णय घेताना पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. पाहुण्यांशी बोलायचं कोण, या एका प्रश्नावर सगळं ठरलं.

प्रशिक्षण सहा दिवसांचं, निवासी. पहिल्या दिवशी मुलांना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर नेतो. 1924 च्या अधिवेशनात गांधीजी अध्यक्ष होते, आणि आलेल्या माणसांना पाणी पुरावं म्हणून ती विहीर खणली होती. ना. सु. हर्डीकरांच्या सेवा दलाचे स्वयंसेवक त्या अधिवेशनाच्या व्यवस्थेत राबले. पाहुण्यांची तहान भागवणं हे स्वयंसेवकाचं पहिलं काम, हे तिथं न बोलता कळतं.

मग आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरांचा इतिहास सांगतो. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1920 मध्ये पिएर सेरेसोल या स्विस माणसानं फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एस्न गावात पहिलं शिबिर घेतलं. ज्या गावाची युद्धानं राखरांगोळी झाली, तिथं घरं उभी करायला आलेल्यांत जर्मनही होते. हेच सेरेसोल 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये येऊन गावं वसवायला राबले. ही गोष्ट ऐकताना मुलांच्या अंगावर काटा येतो, दरवेळी. पण एस्नचं पुढं काय झालं ते आम्ही घाईनं सांगायचो. तिथं जर्मन लोकांच्या असण्याला विरोध होत गेला आणि काही महिन्यांतच काम आटोपतं घ्यावं लागलं. म्हणजे या परंपरेच्या पहिल्याच शिबिरात हेतू चांगला होता, हात राबत होते आणि तरीही ‘तुम्ही नको’ हा आवाज उठला. याच जागी आम्ही थांबायला हवं होतं. आम्ही पुढच्या विषयाकडं वळायचो.

बाकीचे दिवस प्रथमोपचार, हिशेब, स्वयंपाकाच्या पाळ्या, भांडण मिटवण्याचे खेळ. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याच्या मुक्कामाची सरकारी नोंद करायची. ई-टूरिस्ट व्हिसावर बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम जास्तीत जास्त महिनाभर करता येतं, ते कागद तपासायचे. फलक कोणत्या भाषांत लावायचा, यावर तर आम्ही अर्धा दिवस घालवला. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही. ‘बंधारा’ हा शब्द जपून वापरायचा, कारण म्हादईच्या पाण्याचा वाद या भागाच्या उशाशीच आहे. एका ओढ्यावरची शे-दोनशे पोती आणि म्हादईचं पाणी वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प यांत फरक आहे हे विचारणाऱ्याला नीट सांगायचं. सीमाभागात ठिणगी कुठून पडेल याचा आम्ही बारकाईनं विचार केला होता. त्यांतली एकही पडली नाही.

तिसरा दिवस

दुपारी बाराच्या सुमाराला आजी पाण्याला आली. इकडची चार मुलं वर शेताच्या बांधाजवळ माती खणत होती, पात्रात सातही पाहुणे आणि दोन्ही प्रमुख. भिंत एव्हाना कमरेपर्यंत आली होती. आजीनं थोडा वेळ बघितलं आणि मुलीला हाक मारली.

“पोरी, काय करूलाल्यात ही पोरं?”

“बंधारा घालायलोय आज्जी. पाणी अडंल, उन्हाळ्याला उपयोगी पडंल.”

“अडंल गे बाई, पण कुठवर येईल? ह्यो झरा बुडंल की गे. मग आम्ही काय पिऊचं?”

वरच्या अंगाला तीसेक पावलांवर पात्रातच एक झरा होता. हातभर रुंद खळगा, भोवती दगड लावलेले, तळातून पाणी झिरपणारं. गावात नळ आहे. पण वीज गेली की नळ बंद आणि एप्रिलात तर नळाचा भरवसाच नाही. तेव्हा ही वाडी या झऱ्यावर जगते. बंधारा भरला असता तर झरा साठलेल्या पाण्याखाली गेला असता, त्यातच गुरं उतरली असती आणि पिण्याचं पाणी गढूळ झालं असतं. जागा दाखवायला आलेल्या चौघांनाही झरा माहीत होता. पण त्यांनी कधी तिथून घागर भरून आणलेली नव्हती, त्यामुळे तो कुणाला आठवलाही नाही.

मुलीनं लगेच मुलाला मराठीत सांगितलं, “दादा, आज्जी म्हणत्यात झरा बुडतोय, इथं नको.” तेवढ्यात एका जर्मन मुलानं विचारलं, आजी काय म्हणतात? सात चेहरे वळले. मुलानं आजीकडं बघितलं, पाहुण्यांकडं बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं: तुम्ही इतक्या लांबून आलात याचं आजींना कौतुक वाटतंय, पाण्याची काळजी घ्या म्हणताहेत.

पाहुणे खूश झाले. कुणीतरी फोटो काढू म्हणालं. आजी उभी राहिली, कारण पाहुण्यांनी बोलावलं तर नाही कसं म्हणायचं.

त्या रात्री मी फोन केला. त्यानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मी विचारलं, किती पोती झाली? तो म्हणाला, एकशे चाळीस. मी शाबासकी दिली. माझा प्रश्न तेवढाच होता.

पाचव्या दिवशीची दुपार

काम आणखी दोन दिवस चाललं. पोती अडीचशेच्या वर गेली.

दुपारच्या भाकरी गावातून यायच्या. रोज एका गल्लीची पाळी. प्रत्येक घरातून दोन-दोन भाकरी, सोबत एखादी उसळ नाहीतर आमटी. पाचव्या दिवशी पाळी आजीच्या गल्लीची होती. एक वाजला, दीड वाजला, भाकरी आल्या नाहीत. निरोपही नाही. मुलाला वाटलं, सुगीच्या गडबडीत विसरले असतील. त्यानं जांबोटीहून पाव आणि केळी मागवली आणि पाहुण्यांना सांगितलं की आज पिकनिक.

मुलीला मात्र घास गिळेना. आमच्या खेड्यांत दारात आलेल्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. ‘नको’ म्हणण्याची रीत वेगळी असते: माणसं गप्प होतात, कामाला येत नाहीत, आणि अगदी शेवटी ताट येत नाही. श्रमदानाला माणसं का कमी येतात, याचं उत्तर आम्ही मळणीवर ढकलून मोकळे झालो होतो. काही मळणीत होती हे खरंच. पण काही घरी बसलेली होती.

रात्री जेवणानंतरच्या बैठकीत ती उभी राहिली. रोज ती बैठक मुलगाच चालवायचा. तिनं इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला अडकली. मग तिनं चुलीतला कोळसा घेऊन जमिनीवर ओढा काढला, भिंत काढली, झरा काढला आणि झऱ्यावर तळवा फिरवून तो पुसून टाकला. “आजी नो. आजी टू डेज बिफोर नो. वी नॉट टेल यू. सॉरी.”

सगळ्यांत आधी समजलं ते कोरियातून आलेल्या एका मुलीला, जिचं स्वतःचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं. तिनंच इतरांना समजावून सांगितलं. ही गोष्ट मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिली आहे: ज्यांना भाषा कष्टानं येते ती माणसं बोलणाऱ्याच्या तोंडाकडं लक्ष देऊन बघतात. अस्खलित बोलणारा शब्द ऐकतो आणि पुढं जातो.

मग वादळ उठलं. जर्मन मुलगा सुतारकाम शिकलेला, बंधाऱ्याच्या रचनेत सगळ्यांत जास्त राबलेला तोच. काम वाया गेलं याचं त्याला दुःख नव्हतं. दोन दिवस आम्हाला खोटं सांगितलं, आम्ही त्या बाईला उभं करून फोटो काढला, याचा त्याला संताप आला होता. मुलानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, मला तुमचं मन मोडायचं नव्हतं. मग मराठीत, आमच्या मुलीकडं वळून: “आणि आज्जींचंही नाही.”

नंतर काय केलं

पहाटे साडेपाचला मुलगी सगळ्यांना घेऊन झऱ्यावर गेली. बायका पाणी भरत होत्या. एक घागर भरायला किती वेळ लागतो ते पाहुण्यांनी बघितलं: वाटीनं पाणी काढायचं, थांबायचं, तळाला पुन्हा पाणी साठू द्यायचं, परत काढायचं. जर्मन मुलानं एक घागर स्वतः भरून बघितली. कुणी भाषण केलं नाही.

जागा बायकांनीच सांगितली. खाली जिथं कातळाची पायरी आहे, तिच्या पलीकडं. पायरीमुळं मागं साठणारं पाणी झऱ्यापर्यंत चढत नाही. अडचण एवढीच, की तिथं पात्र रुंद आहे, भिंत लांब करावी लागते आणि उंची कमी ठेवावी लागते. म्हणजे पाणी कमी साठणार. पंचायतीतल्या एकाला ते पटलं नाही, त्याची समजूत मुलीनं कन्नडमिश्रित मराठीत घातली. ते संभाषण तिनं या वेळी पाहुण्यांना जसंच्या तसं सांगितलं, त्याच्या नाराजीसकट. अडला शब्द मुलानं पुरवला, पण बोलली ती.

अडीचशे पोती उचलून खाली नेणं हे रचण्यापेक्षा जास्त जिवावरचं काम. ओलं पोतं दोघांना उचलत नाही. साखळी करून, हातोहात, दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी त्या साखळीत गावातली अकरा माणसं होती, त्यांत सहा बायका. भाकरी आल्या. कुणी उल्लेख केला नाही.

शिबिर संपलं तेव्हा बंधारा ठरलेल्या उंचीच्या निम्माच झाला होता. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्यात पाणी होतं, मार्चअखेरपर्यंत टिकलं नाही. अहवालात आम्ही हेच लिहिलं.

चूक कुठं होती

सुरुवातीला आम्ही जागेच्या निवडीलाच दोष देत बसलो. बायकांना विचारलं नाही ही चूक मोठीच होती, ती नाकारत नाही. पण जागा चुकल्याचं तिसऱ्या दिवशी समोर येऊन सांगितलं गेलं होतं. ते सात माणसांपर्यंत पोचलं नाही, आणि ज्यानं पोचवायचं तो शिबिराचा प्रमुख होता.

त्या मुलाला मी ओळखते. तो खोटारडा नाही. तो बेळगावचा आहे. इथं मूल रांगायला लागल्यापासून तीन-चार भाषांत वाढतं. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, बाजारात दख्खनी, शाळेत इंग्रजी. आणि प्रत्येक भाषेतून दुसरीत जाताना थोडं मऊ करून न्यायचं, हे कुणी न शिकवता अंगात भिनतं. गणपत गल्लीतल्या दुकानदाराला गिऱ्हाईक काय टाकून बोललं ते त्याच्या भाषेत तसंच सांगितलं तर भांडण पेटेल, म्हणून मधला माणूस ते पोटात घालतो. या पोटात घालण्यानं आमच्या गल्ल्या कित्येकदा शांत राहिल्या आहेत. मला त्या सवयीबद्दल आदर आहे. पण श्रमशिबिराच्या प्रमुखाला तीच सवय घातक ठरते. गावाचा नकार त्यानं पोटात घातला की पाहुणे आपल्याच कौतुकात काम करत राहतात आणि गाव गप्प होत जातं.

आणि आम्ही तर याच मऊपणाला गुण समजून मार्क दिले होते. निवडीच्या मुलाखतीतल्या माझ्या टिपणात त्याच्या नावापुढं लिहिलं आहे: ‘कुणाचंही मन सांभाळतो.’

प्रशिक्षणात काय बदललं

सगळ्यांत महत्त्वाचा सराव आता दुसऱ्या दिवशी होतो आणि त्याला पूर्ण सकाळ देतो. तिघं-तिघं बसतात. एकानं गावकरी होऊन इकडच्या बोलीत कडू वाक्य बोलायचं: ‘तुमचं काम आम्हाला नको’, ‘तुमच्या पोरी ओढ्यावर अशा कपड्यांत नकोत’, ‘मागच्या साली आले त्यांनी पण असंच सांगितलं होतं’. दुसऱ्यानं ते इंग्रजीत न्यायचं. तिसऱ्यानं फक्त ऐकायचं आणि काय गळलं ते सांगायचं. दरवेळी गळतं. ‘नको’चं ‘नंतर बघू’ होतं, ‘नंतर बघू’चं ‘विचार करताहेत’ होतं. गेल्या खेपेला निपाणीच्या एका मुलीनं वाक्य अगदी चोख पोचवलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, असं बोलले की मीच त्यांना हाकलतेय असं वाटतं. तिथं आम्ही अर्धा तास थांबलो. या वाटण्यावर मात करायची कशी, याचं तयार उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण ते वाटणार आहे हे आधीच माहीत असलेला प्रमुख आणि ऐन वेळी सात चेहरे वळल्यावर ते कळलेला प्रमुख, यांत फरक पडतो.

उलट दिशेचा सरावही तेवढाच लागतो. पाहुण्याचा राग गावापर्यंत, पाहुण्याची अडचण स्वयंपाक करणाऱ्या काकूंपर्यंत. तेही मऊ होऊनच पोचत होतं.

गावची भाषा ज्याला येते तो पहिला प्रमुख, इंग्रजी येणारा त्याचा सोबती, असा क्रम आता लावतो. इंग्रजी बोलणारे आठ-पंधरा दिवसांच्या सरावानं तयार होतात. आजीनं हाक मारावी असा माणूस तेवढ्यात तयार होत नाही. एस्नची गोष्टही आता पूर्ण सांगतो, आणि शेवटच्या भागावर मुलांना बोलायला लावतो.

रात्रीच्या फोनवर मी आता पोती विचारत नाही. विचारते, आज गावातलं कोण तुमच्याशी बोललं नाही?

तो मुलगा परत आला, स्वतःहून. मी बोलावलं नव्हतं. बोलावलं तर शिक्षा केल्यासारखं वाटेल अशी मला भीती होती. सरावात तो आजी होतो. डोक्यावर पंचा घेऊन, हुबेहूब त्याच बोलीत, “झरा बुडंल की गे.” आणि समोरच्यानं मऊ केलं की हात वर करून सांगतो, “अक्का, इथं गळलं.”

यंदाच्या शिबिराच्या तारखा ठरल्या आहेत, पाहुण्यांची यादीही आली आहे. कामाची जागा अजून ठरवलेली नाही. नंदगडची ती मुलगी आणि दोन नवे प्रमुख पुढच्या आठवड्यात गावात तीन रात्री मुक्कामाला जातील, पहाटे पाण्यावर जातील, मग ठरेल.